काठावरच्या चपला

होळी होऊन गेली की आमच्या पठारावर याऱ्या उभ्या राहायला लागतात. संगमनेरहून निघालेली एसटी चंदनापुरीचा घाट चढून वर आली की दोन्ही बाजूंच्या उघड्या रानात त्या दिसतात. एक लोखंडी खांब, त्याला आडवा हात, हाताच्या टोकाला तारेचा दोर आणि दोराला लोंबणारी मोठी बकेट. विहीर खोदायची तर यारी हवीच. खालचा दगड, मुरूम भरून बकेट वर येते, आडवा हात गर्रकन वळतो, ढीग पडतो आणि इंजिनाची धडधड साऱ्या शिवारात ऐकू जाते. कुणाचा उन्हाळा आंब्यांनी सुरू होत असेल, कुणाचा लग्नपत्रिकांनी. माझा ह्या धडधडीने होतो. विहिरी खोदणाऱ्यांच्या घरात दिलेली मुलगी मी, दुसरं काय होणार.

गंमत अशी की गेल्या वर्षापासून ती धडधड ऐकली की मला विहीर आठवत नाही. पुण्यातलं मेट्रोचं स्टेशन आठवतं, जमिनीखालचं. गार, पांढऱ्या उजेडाचं, लख्ख पुसलेलं, आणि माणसं भरून असली तरी ओकंबोकं. तिथे मी माझ्या सासऱ्यांना एकटं सोडून वर गेले होते. पाऊण तास. मुद्दाम नव्हे, पण त्या पाऊण तासाने माझं आख्खं वर्ष खाल्लं आहे.

सासरे म्हणजे मामा. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. ते विहिरी खोदणाऱ्या टोळीचे मुकादम होते. पठारावरच्या निम्म्या विहिरी त्यांनी खोदलेल्या आणि खाली राहुरीकडेही त्यांना बोलावणं यायचं. खोली ते परसात सांगत. माणसाने उभं राहून हात वर केला की झाली एक परस. सुरुंगांचे बार ऐकून ऐकून त्यांचे दोन्ही कान गेले होते. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते उत्तर द्यायचे, आणि काहीच कळलं नाही की नुसतं 'व्हय' म्हणायचे. त्यांच्या 'व्हय'वर विसंबून मी कितीदा तोंडघशी पडले आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाला कंपनीने तीन महिन्यांसाठी परदेशात पाठवलं. त्याचा पुण्यातला फ्लॅट रिकामा राहणार होता. तो म्हणाला, आई, तू आणि आजोबा जाऊन राहा, झाडांना पाणी होईल आणि आजोबांच्या कानाच्या मशीनचंही बघता येईल. मी शाळेतून निवृत्त झालेली. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. मामा गावात, मी संगमनेरात, दोघंही आपापल्या घरात भिंतींशी बोलत होतो. मला वाटलं, तीन महिने का होईना, दोन ताटं वाढली जातील. खरं सांगायचं तर मनात त्याहून जास्त होतं. पुण्याची त्यांना सवय झाली की परतताना त्यांना गावी न सोडता संगमनेरला माझ्याकडेच आणायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यांना मात्र हे सांगितलं नव्हतं.

कानाची मशीनं जिथे मिळतात ते ठिकाण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. दर आठवड्याला जायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा रस्त्यावरून लिफ्टने थेट खाली उतरलो. दार उघडलं आणि मामा तिथेच थांबले. नाकपुड्या फुलवून त्यांनी वास घेतला. मग भिंतीला तळहात लावून उभे राहिले. मागची माणसं आम्हाला वळसा घालून चालली होती. मामा म्हणाले, मुरूम लागला असणार हितं, त्याच्याखाली काळा दगड. मग त्यांना खोली हवी होती, किती परस. मला काय ठाऊक. ते वर छताकडे बघून ओठ हलवत राहिले आणि गाडी येईपर्यंत त्यांनी स्वतःच काढलं, आठ परस तरी असंल. शेवटी त्यांनी विचारलं की एवढं खोदलं तर पाणी लागलंच असणार, ते कुठे काढून दिलंय. हा प्रश्न रोज हजारो लोकांपैकी एकालाही पडत नसेल.

मलाही ते स्टेशन आवडायला लागलं होतं, हे कबूल करायला हवं. वर वैशाखाचं ऊन कवटी फोडत असताना खाली उतरलं की पायऱ्यांगणिक अंगावरचा घाम सुकत जायचा. बोगद्यातून आधी वारा यायचा, मग आवाज, मग दिवे, आणि सगळ्यात शेवटी गाडी. मामांना कान नसल्यामुळे वारा माझ्याआधी कळायचा. ते धोतराचा सोगा आवरून उभे राहिले की मी समजायची, गाडी आली. छतातून एका बाईचा गोड आवाज तीन-तीन भाषांत सूचना द्यायचा आणि कुणी मान वर करून बघायचं नाही. शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाईला ह्याचं वाईट वाटतं. एवढं घसा सुकवून सांगायचं आणि एकाही पोराने 'हो बाई' म्हणू नये.

तिथल्या गर्दीचं मला नवल वाटे. गाडी आली की फलाट माणसांनी फुलायचा, सरकत्या जिन्यांवर रांगा लागायच्या आणि दोन मिनिटांत सगळं पुसल्यासारखं रिकामं. वर जाणारा एकही माणूस मागे वळून बघत नसे. खाली कोण राहिलं, कोण दमलं, कोण चुकलं, कशाचाच पत्ता नाही. मामा मात्र दरवेळी जिन्याच्या तोंडाशी बाजूला उभे राहायचे आणि सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचे. मी हात धरून ओढायची. ते म्हणायचे, थांब, आधी ह्यांस्नी जाऊ दे. मुकादम सगळ्यांत शेवटी वर येतो. पण तिथे शेवट होतच नव्हता, दुसरी गाडी यायची आणि आणखी माणसं.

आता ती जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते. त्या उन्हाळ्यात मामांनी आमच्याच रानात विहीर धरली होती. जन्मभर दुसऱ्यांना पाणी काढून दिलं, आता घरचं. मी रोज दुपारी भाकरी, पिठलं, कांदा आणि ताकाची किटली घेऊन रानात जायची. डोक्यावरचा पदर, नव्या चपलांनी चावलेले पाय आणि सारखी भीती की आपल्या हातून काही चुकेल.

विहिरीत उतरायच्या आधी टोळीतला प्रत्येक जण काठावर चपला काढायचा. खाली पाण्याची देवता, म्हणून अनवाणी. हे झालं देवाधर्माचं. पण मामांनी त्याचा वेगळाच उपयोग केला होता. बार उडवायच्या आधी ते काठावर जाऊन चपला बघायचे. काठावर चपला दिसली म्हणजे माणूस अजून खाली आहे. वर आलेल्याने आधी आपल्या चपला पायात घालायच्या, मग पाणी प्यायचं, मग तंबाखू. चपला बघून झाल्यावर ते तीनदा खाली हाक द्यायचे, "खाली कोन हाय?" आतून काही आलं नाही म्हणजे सगळे वर आले. पण टोळीतल्या निम्म्यांचे कान बारांनी गेलेले. त्यामुळे हाकेपेक्षा त्यांचा भरवसा चपलांवर जास्त.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या सुनेला विहिरीच्या रीती कोण सांगणार. त्या दिवशी मी रानात पोचले तेव्हा आभाळ एकदम भरून आलं होतं, वळवाचा पाऊस कधीही कोसळेल असं. सुरुंग भरून झाले होते आणि ते भिजायच्या आत बार उडवायची सगळ्यांना घाई. टोळी लांब बांधापलीकडे गेली होती. मामा लिंबाच्या झाडाखाली बार उडवायच्या बॅटरीपाशी उकिडवे बसले होते. मी काठाजवळून येत होते तर तिथे चपलांचा एक जोड दिसला. टायरच्या चपला, एकीचा अंगठा तारेने बांधलेला. रंगनाथकाकांच्या. टोळीतले सगळ्यांत वयस्कर, तेवढेच बहिरे. मला वाटलं, म्हातारा माणूस विसरला, बार उडाला की दगडं पडतील ह्यांच्यावर. मी त्या उचलल्या, पदराने झटकल्या आणि झाडाखाली आणून मामांच्या पुढ्यात ठेवल्या. कौतुक होईल असंही वाटलं असेल.

मामांनी चपलांकडे बघितलं. एक तार बॅटरीला लावून झालेली होती आणि दुसरी त्यांच्या चिमटीत होती. "ह्या कुठनं आनल्यास?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, काठावर होत्या. हातातली तार टाकून ते उठले आणि धावत सुटले. पन्नाशीच्या माणसाला मी तसं धावताना पुन्हा कधी पाहिलं नाही. रंगनाथकाका खालीच होते. विसरलेली तंबाखूची चंची घ्यायला दोराच्या शिडीने परत उतरले होते, आणि कपारीत हात घालून निवांत शोधत होते. त्यांना वर काढलं तेव्हा पहिले टपोरे थेंब पडत होते.

मग सगळ्या टोळीसमोर मामा मला बोलले. काठावरच्या चपलांना हात लावायचा नाही, कुणाच्याही नाही, मी आता काठावर जाऊन बघितलं असतं आणि चपला नसत्या तर माणूस हकनाक गेला असता. ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. मी मान खाली घालून उभी होते आणि ताक सांडलं होतं. त्या दिवसापासून मी मनाशी हेच धरून बसले की एका माणसाचा जीव माझ्या हातून जात होता. पुढे मला शाळेत नोकरी लागली, मामा मला 'मास्तरीन' म्हणून चिडवायला लागले, रंगनाथकाका आणखी वीस वर्षं जगले, माझ्या मुलाच्या बारशाला येऊन घुगऱ्या खाऊन गेले. त्या दुपारचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. पण आजही कुणाच्या घरी गेले तर दारातल्या चपलांना माझा पाय लागू देत नाही.

आता स्टेशन. तो आमचा पाचवा किंवा सहावा फेरा असेल. लिफ्टपाशी रांग होती, चाकाच्या खुर्चीतली माणसं होती, म्हणून मी म्हटलं चला मामा, आज पायऱ्यांनी उतरू. मी पुढे, ते मागे. उन्हातून जमिनीत उतरत गेलेला तो जिना मामांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मी तिकिटाच्या नादात होते. फलाटावर पोचलो, बाकावर बसलो आणि माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. भेगाळलेले, रुंद, काळे पाय, त्या चकचकीत फरशीवर उघडे. मी खुणेने विचारलं, चपला कुठे. ते सहज म्हणाले, "वर काढल्यात की, काठावर."

मला हसू आलं आणि कसनुसंही झालं. हजारो माणसांची ये-जा, तिथे कोण चपला ठेवतंय. शिवाय वर पाय ठेववणार नाही असं ऊन. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, इथेच बसा, मी चपला घेऊन येते. नुकतंच बसवलेलं मशीन त्यांनी काढून खिशात ठेवलं होतं, गाडीच्या आवाजाने त्यात कर्कश वाजायचं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हय."

त्या 'व्हय'वर मी निघाले. वरच्या मजल्यावर फाटकाने माझं तिकीट घेतलं नाही. जिथून आत आलात तिथूनच बाहेर कशा जाता, असं त्याचं म्हणणं. खिडकीपाशी जाऊन समजावून सांगण्यात वेळ गेला. मग मी घाईत चुकीच्या जिन्याने वर आले आणि रस्त्याच्या भलत्याच बाजूला निघाले. रस्ता ओलांडायला दहा मिनिटं. आमच्या जिन्यापाशी चपला नव्हत्याच. झाडणाऱ्या मावशींनी त्या उचलून कडेच्या कुंडीमागे ठेवल्या होत्या, त्या सापडेपर्यंत मी रडकुंडीला आलेली. पुन्हा तिकीट, पुन्हा तपासणी. हातात चपला बघून तपासणीवाल्याने माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं.

मी खाली आले तेव्हा मामा बाकावर नव्हते. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी, खांबाला हात लावून उभे होते आणि वर बघत होते. किती वेळ तसे उभे होते कुणास ठाऊक. नुकतीच एक गाडी गेली होती आणि लांब रेषेपाशी उभी असलेली गणवेशातली बाई सोडली तर सगळ्या फलाटावर ते एकटे होते. त्यांनी मला बघितलं, मग माझ्या हातातल्या चपला बघितल्या. त्यांचा चेहरा हलला. हसले की काय ते मला कळलं नाही.

"परत उचलल्यास व्हय गं?" एवढंच म्हणाले.

इतक्या वर्षांनी पुन्हा तोच विषय. म्हणजे ते विसरले नव्हते. म्हणजे ह्या पाऊण तासात त्यांना वाटलं असणार की वरच्यांनी चपला हलवल्या आणि आपल्याला खाली टाकून सगळे निघून गेले. गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसून गेलो. दोनच दिवसांनी त्यांनी गावी जायचं काढलं. मशीन बसलंय आता, पुरे झालं पुणं, म्हणाले. मी थांबवलं नाही. कोणत्या तोंडाने थांबवणार होते? संगमनेरचं तर बोलायचंच राहिलं.

आणि मग पौषात ते गेले. मी थंडीत दोनदा गावी जाऊन आले होते, दोन्ही वेळा विचारीन म्हणून जायची आणि गुळाचा चहा पिऊन परत यायची. मामा, त्या दिवशी मी सांगितलेलं तुम्हाला ऐकू आलं होतं का? एवढं एक वाक्य. मशीन तर गावी गेल्यापासून डबीतच होतं. बहिऱ्या माणसाला ते ओरडून विचारायला लागलं असतं आणि असलं काही ओरडून विचारता येत नाही. शेवटच्या दिवशी दुपारी ते नेहमीसारखे आपल्या विहिरीच्या काठावर बसायला गेले, परत आले ते अनवाणीच, बाजेवर आडवे झाले आणि संपलं. चपला काठावर राहिल्या. रान बघणारे माझे चुलत दीर फोनवर म्हणाले, "वयनी, चपला तशाच हायेत, काय करू?" मी म्हटलं, राहू द्या. मला तर त्यांना हात लावायचा धीर होणं शक्यच नव्हतं.

ह्या वर्षी पुन्हा याऱ्या उभ्या राहिल्या. पुन्हा धडधड. संगमनेरच्या घरात मी सकाळी एकटीपुरता चहा टाकते, त्यात साखर घातली की नाही हे विसरते आणि कुणी विचारणारं नसल्याने तसाच पिते. मुलगा रविवारी फोन करतो. दिवसभरात मी मोठ्याने बोललेला पहिला शब्द कधी कधी भाजीवाल्याशी असतो. अशा दिवसांत माझं मन घरात थांबत नाही, उठून त्या फलाटावर जातं. तिथे मामा खांबाला हात लावून उभे असतात आणि वर बघत असतात. त्या नजरेत काय होतं, एवढंच मला हवं होतं. भीती होती का? राग? की मी गेले हे त्यांनी सरळ मान्यच केलं होतं?

मुलाचा परदेशातला मुक्काम वाढत गेला, त्यामुळे गेल्या आठवड्यात त्याच्या फ्लॅटच्या किल्ल्या नव्या भाडेकरूंना द्यायला पुण्याला जावं लागलं. येताना त्याच स्टेशनात उतरले. दुपारची वेळ, गर्दी बेताची. वाकडी वाट करायची गरज नसताना मी त्या बाकापर्यंत गेले आणि बसले. एक गाडी सोडली, दुसरी सोडली. पिवळ्या रेषेपाशी गणवेशातली एक सुरक्षारक्षक बाई उभी होती, चाळिशीची असेल. दोन गाड्या सोडणारी बाई तिच्या नजरेत आली असणार. ती जवळ आली, निरखून बघितलं आणि म्हणाली, "तुमी त्या चपलावाल्या आजोबांच्या सूनबाई नव्हं का?"

ती पाथर्डीकडची होती. गेल्या वर्षी त्या दिवशी ती ह्याच फलाटावर कामाला होती. म्हातारा माणूस अनवाणी एकटा बसलेला बघून ती त्यांच्याजवळ गेली होती. त्यांनी आधी तिला गाव विचारलं. पाथर्डी म्हटल्यावर तिकडच्या कुठल्या विहिरीला किती परसावर दगड लागतो हे सांगितलं. मी जाताना त्यांना मोठ्याने सांगितलेलं तिने लांबून ऐकलं होतं. तिला मशीनची कल्पना नव्हती, पण ऐकू येत नाही हे कळल्यावर तिने कानाशी तोंड नेऊन सांगितलं, बाबा, बाई चपला आणायला गेल्यात, घाबरू नका. तेव्हा ते हसले, ती म्हणाली. म्हणजे त्यांना माहीत होतं. मी चपला आणायला गेले आहे हे मामांना माहीत होतं. तिचं बोलणं मात्र संपलं नव्हतं.

"लई बोलत हुते ओ आजोबा. बहिऱ्या मानसाचं बोलनं, सगळ्या फलाटाला ऐकू जायचं. मला म्हनले, माझी सून मास्तरीन हाय. म्हनले, एकदा मी बार उडवाया बसलो, पाऊस यायला लागल्ता, आन घाईत काठावर जाऊन चपला बघायच्या इसरलोच. जानारच नव्हतो मी, म्हनले. तार लावली आसती आन मानूस गेला आसता. तेवढ्यात हिनं चपला उचलून माझ्यासमोर आनून ठेवल्या. हिच्या पायी मानूस वाचला, आन मी चारचौघांत हिलाच बोललो. मुकादमाची चूक कशी कबूल करायची. तिला आजून सांगितलं न्हाई, म्हनले."

मग तिने विचारलं की आजोबा कसे आहेत. मी सांगितलं. बोगद्यातून वारा आला. ती शिट्टी तोंडात धरून रेषेकडे गेली.

मी बसूनच राहिले. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं मी. दोन आणि दोन फळ्यावर किती वेळा मांडले असतील. आणि मामांच्या चिमटीतली ती तार मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, एक लावून झालेली, दुसरी लावायच्या बेतात. काठावर जाणारा माणूस आधी तार लावत नाही. इतकं उघड होतं. बोलणी खाल्ली तेव्हाच मी मान खाली घातली, ती पुन्हा त्या तारेकडे वर केलीच नाही. मला मामांचा राग आला. खरंच आला. एका अनोळखी बाईला, जमिनीखाली, गाडीच्या आवाजात सांगितलंत, आणि माझ्या हातचा चहा पिताना नाही सांगितलंत. मग वाटलं, मी तरी काय विचारलं होतं? एकमेकांना सांगायच्या दोन गोष्टी घेऊन दोघंही त्या दिवशी शेजारी शेजारी बसून गाडीतून गेलो. 'परत उचलल्यास व्हय गं' ह्यात त्यांनी जी कबुली दिली होती ती मला एका वर्षाने ऐकू आली. घरातलं बहिरं माणूस कोण होतं, देव जाणे.

संगमनेरपर्यंत गेलेच नाही. बस घारगावात सोडली, तिथून रिक्षाने गावात आणि पायी रानात. उन्हं कलायला लागली होती. पलीकडच्या शिवारात यारी चालू होती. आमच्या विहिरीने तळ गाठला होता, पण होतं थोडं पाणी. काठावर मामांच्या चपला होत्या, चार महिन्यांच्या धुळीने मातकट झालेल्या, टाचेकडे त्यांच्या पायांचा खळगा तसाच. आसपास कुणी नाही हे मी आधी बघून घेतलं. मग माझ्या चपला काढल्या, काठाशी उभी राहिले आणि खाली हाक दिली, खाली कोण आहे? कपारीतले दोन पारवे फडफडत वर आले आणि निघून गेले. मी पुन्हा हाक दिली. मग तिसऱ्यांदा.

खालून काही आलं नाही. मी थोडा वेळ थांबले, मुकादम थांबतो तेवढा. मग मामांच्या चपला उचलल्या, पदराने पुसल्या आणि घरी घेऊन आले.